टोपीवाला एक माणूस पुलावर उभा करणेबाबत

युद्ध सुरू करायला एक माणूस पुरतो, आणि तो शुद्धीवर असण्याचीही गरज नसते. शांतता राखायला मात्र सहाशे अठ्ठेचाळीस कर्मचारी, दोन अधिकृत भाषा, एक तळे आणि तळ्याकाठचे दोनशे खोल्यांचे हॉटेल लागते. ही गोष्ट आमच्या जिनिव्हा शहराने जगाला सिद्ध करून दाखवली. (तळे आधीपासूनच होते.)

त्या हॉटेलात मी एकोणीस वर्षे नोकरी केली. वेटर म्हणून नव्हे. हॉटेल तोवर संस्थेने घेतले होते. संस्थेचे नाव इथे लिहीत नाही. नाव लिहायचे तर सगळ्या सभासद देशांची संमती लागते, आणि त्यांतले काही देश आता उरलेले नाहीत. महायुद्ध पुन्हा होऊ नये म्हणून ती काढली होती, आणि दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत तिने हे काम चोख बजावले.

संस्थेचा पाया म्हणजे एकमत. एका देशाने जरी हात वर केला नाही तरी ठराव नापास. यामुळे कुणावर अन्याय होत नसे. ज्याने दुसऱ्याच्या घरात पाय ठेवला आहे, त्यालाही 'पाय ठेवला आहे काय' या प्रश्नावर मत देता येई. चोराच्या उलट्या बोंबा, असे कुणी म्हणेल. आमच्याकडे त्याला लेखी निवेदन म्हणत आणि त्याच्या चाळीस प्रती काढत.

माझी जागा अर्ज विभागात होती. महायुद्धानंतर देशांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, आणि घाईत मारलेल्या रेघा कुणाच्या अंगणातून तर कुणाच्या गोठ्यातून गेल्या. अशा लोकांना संस्थेकडे अर्ज करायची मुभा होती. अटी सोप्या होत्या. अर्जावर सही हवी. त्याच विषयावर आधी अर्ज आलेला नसावा (आला असेल तर विषय जुना झाला). अर्जदाराला सीमा बदलावी असे वाटत असल्यास ते त्याने स्वतःजवळ ठेवावे. आणि शेवटची अट, जिच्यावर माझे पोट होते : अर्जाची भाषा हिंसक नसावी.

मी भाषा-तपासनीस होतो. दुसरा वर्ग.

ही अट मला तेव्हा अगदी योग्य वाटे. हिंसा थांबवायला निघालेल्या संस्थेत हिंसक भाषा कशी चालेल? ज्याच्या घराला आग लागली त्याने 'आग, आग' असे ओरडावे हे समजू शकते. पण लिहून पाठवताना त्याने दम खावा, पाणी प्यावे आणि 'उष्णतेत वाढ' असे लिहावे, ही अपेक्षा जास्त नाही. एकोणीस वर्षांत माझ्या टेबलावरून चार हजार एकशे सोळा अर्ज गेले. त्यांतले तीन हजार नऊशे सात भाषेपायी परत पाठवले. अर्ज करणारे लोक फार तापट असतात. घर जळालेल्यांत हे प्रमाण जास्त आढळते.

माझी बायको ओर्तांस वेगळ्या मताची होती. ती प्लँपालेच्या बाजारात भाजी विकायची, आणि बाजारात भाषा हिंसक नसली तर कोबी खपत नाही. मी संध्याकाळी घरी आलो की ती मला नावाने हाक मारून विचारायची, "काय एमे, आज कुठलं युद्ध थांबवलंत?" मी म्हणायचो, "आज फक्त नोंद घेतली." मग ती म्हणायची, "हात धुऊन ये. नोंदी फार मळतात."

त्सोना आमच्या घरी आली ती ओर्तांसमुळे. नोव्हेंबर महिना होता. चाळिशीची, रुंद खांद्यांची एक परकी बाई ओर्तांसच्या गाळ्यापुढे उभी राहिली, एक कोबी उचलला, दाबला आणि म्हणाली, "हा आजारी आहे."

"आजारी तू असशील," ओर्तांस म्हणाली. "घ्यायचा तर घे, उगीच त्याला चाचपत बसू नकोस. लाजतो तो."

बाईने कोबी घेतला. मग विचारले, "ताई, ती शांतता देतात ते ऑफिस कुठं आहे?"

"माझा नवरा तिथंच आहे. शांतता मिळायची नाही, पण फॉर्म मिळेल."

दोघी मोठ्याने हसल्या, आणि त्या दिवसापासून त्सोना आमच्या मागच्या खोलीत राहू लागली. तिला फ्रेंच येत होती. लढाईच्या काळात तिने फ्रेंच जोगिणींच्या इस्पितळात सहा वर्षे स्वयंपाक केला होता, आणि सगळी भाषा तिथल्या चुलीपाशी शिकली होती. त्यामुळे तिच्या बोलण्यात क्रियापदे होती ती सगळी स्वयंपाकघरातली. उकळणे, भाजणे, सोलणे, चिरणे. जगात याखेरीज काही घडते हे त्या जोगिणींनी तिला सांगितले नव्हते.

तिचे गाव लिपा. दोन देशांच्या सीमेवर, नदीकाठी. त्या देशांची नावे मी लिहीत नाही, कारण कुणाचे आधी लिहायचे यावर त्यांचा वाद चालू होता (फाइल क्रमांक चौदा). आमच्या ऑफिसच्या बोळातल्या नकाशात एक डावीकडे आणि एक उजवीकडे होता, म्हणून आम्ही त्यांना डावा देश आणि उजवा देश म्हणत असू. उजव्या देशाने यालाही हरकत घेऊन नकाशा उलटा टांगावा अशी सूचना केली होती. ती विचाराधीन होती. लिपा गाव उजव्या देशात होते, गावाच्या पुढे पूल, पुलापलीकडे डाव्या देशाची टेकडी.

त्सोनाने अर्ज लिहूनच आणला होता. एक पान. तो असा :

'आम्ही लिपाचे तीनशे बारा लोक. टेकडीवर डाव्या देशाचे सैनिक तोफा घेऊन बसलेत. त्यांनी आमची तीन घरं भाजली. पुलावर स्तोयान गवंड्याला चिरलं. आता घाटात बर्फ आहे म्हणून थांबलेत. बर्फ वितळलं की खाली येतील आणि आम्हाला सगळ्यांना एका भांड्यात उकळतील. तुमचा एक माणूस पाठवा. फक्त एक. टोपीवाला. बर्फ वितळायच्या आधी त्याला पुलावर उभा करा. शेळ्यांच्या वेळी केला होता तसा.'

शेळ्यांचे प्रकरण म्हणजे आमच्या संस्थेचे पहिले यश. तीन वर्षांपूर्वी लिपाच्या काही शेळ्या पूल ओलांडून पलीकडे चरायला गेल्या. पहारेकऱ्याने गोळी झाडली, आणि आठवड्याभरात दोन्ही काठांवर सैन्य जमले. सुदैवाने तो ऑगस्ट होता. वरचे सगळे अधिकारी डोंगरात हवा खायला गेले होते. हॉटेलात एक तार-कारकून तेवढा होता, त्याला कार्यपद्धती माहीत नव्हती. त्याने दोन्ही राजधान्यांना तार केली, 'माणूस येत आहे.' तार केल्यावर माणूस शोधणे भाग पडले. नॉर्वेचे एक निवृत्त कर्नल दात काढायला जिनिव्ह्यात आले होते. त्यांना आगगाडीत बसवून दिले. त्यांनी गवती टोपी घातली आणि ते अकरा दिवस त्या पुलावर उभे राहिले. समोर जगातले पन्नासेक देश टोपी घालून उभे आहेत असे डाव्या सैन्याला वाटले, आणि ते घरी गेले. जीवितहानी : एक शेळी.

हे यश कसे घडले याची अर्थातच चौकशी झाली. समितीला आढळले की तीन नियम मोडले गेले. असे पुन्हा घडू नये म्हणून नऊ नवे नियम करण्यात आले.

त्सोनाचा अर्ज मी आमच्या विभागाचे प्रमुख स्टेनरूप यांच्याकडे नेला. डेन्मार्कचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. लिफ्टमध्ये शिरले की हॅट काढत. लिफ्ट रिकामी असली तरी.

"भाजली म्हणजे?" त्यांनी विचारले.

"स्वयंपाकघरातला शब्द आहे, साहेब. बाईला दुसरी फ्रेंच येत नाही."

"कोंबडीबद्दल असता तर मी लगेच सही केली असती. हा घराबद्दल आहे."

"घरंच भाजलीत, साहेब."

"असतील. आपण घटनेबद्दल बोलत नाही आहोत, शब्दाबद्दल बोलतो आहोत. आणि हे चिरलं. आणि उकळतील. हा अर्ज आहे की जेवण?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "बाईंना सांगा, संस्था त्यांच्या बाजूने आहे. फक्त संस्थेला वाचता येईल असं लिहा."

नियमाप्रमाणे मी अर्ज परत करून मोकळे व्हायला हवे होते. पण अर्जदार माझ्याच घरी बटाटे सोलत होती. म्हणून मी स्वतःच भाषा दुरुस्त करून द्यायचे ठरवले. आमच्या विभागात हे आजवर कुणी केले नव्हते. एका अर्थी मी माणुसकी दाखवली. हे मी नोंदवून ठेवतो, कारण पुढे ते कुणाच्या लक्षात राहणार नाही.

स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरून मी विचारले, "भाजलीच्या जागी काय लिहू?"

"काय झालं ते परत सांगू का?" त्सोना म्हणाली. "दुपारी आले. रॉकेल ओतलं. मधल्या घरात आंगेल्याची सासू होती, पायांनी अधू. तिला बाहेर काढू म्हटलं तर बंदुका लावून उभे राहिले."

मी जरा विचार केला. "'तीन घरांतील उष्णता वाढली', असं लिहू या."

ओर्तांसने सुरी खाली ठेवली. "एमे, तुझ्या सूपातली उष्णता वाढवू का?"

"नियम आहे, ओर्तांस."

"उद्या बाजारात माझा गाळा लुटला तर मी काय ओरडू? 'अहो, बघा हो, भाजीचं स्थलांतर होतंय'?"

त्सोना हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "ताई, लिहू दे कारकूनसाहेबांना. काय हवं ते लिहू दे. टोपीवाला एकदा पुलावर येऊ दे. मग आम्ही गावात आमचे शब्द परत वापरू."

दुसरा मसुदा स्वीकारला गेला, आणि पद्धतीप्रमाणे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या डाव्या देशाकडे अभिप्रायासाठी गेला. अभिप्राय सहा आठवड्यांत आला. टेकडीवरचे सैनिक छातीच्या विकाराचे असून डॉक्टरांनी त्यांना उंचावर राहायला सांगितले आहे, तोफा गारांचे ढग पांगवण्यासाठी आहेत. संस्थेच्या सभासदांत द्राक्षबागा असलेले अकरा देश होते. त्यांना हे तत्काळ पटले. तरीही संस्थेने प्रकरण सोडले नाही. तीन सभासदांची समिती नेमली, आणि समितीने भाषा आणखी थोडी सौम्य करून मागितली.

तिसऱ्या मसुद्यात स्तोयान गवंडी पुलावर 'अनुपस्थित आढळला'. सैनिक 'शेजारी' झाले. 'बर्फ वितळायच्या आधी' यातल्या 'वितळणे' या शब्दाखाली स्टेनरूप साहेबांनी पेन्सिलीने रेघ मारली होती. तो शब्द त्यांना टोकाचा वाटत होता. मी तिथे 'वसंत ऋतूच्या आरंभी' असे घातले. दोन्हींचा अर्थ एकच आहे अशी माझी समजूत होती. शिवाय ऐकायला बरे वाटते.

मी तो मसुदा जेवताना वाचून दाखवला. ओर्तांसने शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग तिने समोरचे ताट उचलून भिंतीवर मारले. त्यात चीज घातलेली कार्दोंची भाजी होती. आमच्याकडे ती नाताळात करतात.

"ती बोलली तसाच का नाही नेत तो कागद?" ती ओरडली. "घराला आग लावली, म्हातारी जाळली, असं लिहून साहेबाच्या नाकाखाली धरायचं! काय करील तो? खाईल तुला?"

"परत पाठवील."

"मग परत ने. रोज ने. मी रोज त्याच गिऱ्हाईकाला तोच कोबी विकते की नाही?"

"ताई, ताट," त्सोना म्हणाली आणि खाली बसून तुकडे वेचू लागली. मी मसुद्याला भाजी लागली आहे का ते पाहिले. लागली नव्हती.

फेब्रुवारीत ओर्तांसला बाजारात थंडी बाधली. न्यूमोनिया झाला. पाच दिवसांत ती गेली. शेवटचे दोन दिवस तिला बोलता येत नव्हते.

संस्थेकडून मला पत्र आले. 'आपल्या घरी घडलेल्या घटनेची आम्ही खेदपूर्वक नोंद घेतली आहे.' आमच्याकडे खेदाच्या चार पायऱ्या होत्या : नुसती नोंद, खेदपूर्वक नोंद, तीव्र खेद, आणि चिंता. दुसऱ्या वर्गाच्या कर्मचाऱ्याच्या पत्नीसाठी दुसरी पायरी बरोबर होती. पत्राचा नमुना मीच सहा वर्षांपूर्वी तयार केला होता. मी तो परत तपासला. भाषेत दोष नव्हता. 'मरण' हा शब्द कुठेही आला नव्हता.

त्सोनाने मात्र आमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, मांडीवर हात आपटत, ओर्तांसचे नाव घेऊन हंबरडा फोडला. शेजारच्या मादाम रव्हासूने भिंतीवर टकटक केली. जे त्सोना ओरडली ते मला अर्धेच कळले, पण त्यातले काहीही स्वीकारण्याजोगे नव्हते.

मी रडलो नाही. शांतता म्हणजे काय हे मला हॉटेलात नव्हे, त्या आठवड्यापासून घरात कळले.

चौथा मसुदा मी त्याच टेबलावर अर्ध्या तासात लिहिला. समितीला शेवटचा, निर्दोष मसुदा हवा होता. मी वाचून दाखवला तेव्हा कुणी काही बोलले नाही. घरात हरकत घेणारे कुणी उरले नव्हते. म्हणजे एकमतच झाले. त्सोनाने फक्त विचारले, "यात टोपीवाला आहे ना?" मी म्हणालो, आहे. मसुदा असा :

'आम्ही लिपाचे तीनशे बारा रहिवासी, टेकडीवरील शेजाऱ्यांच्या सान्निध्यात, उबदार घरांत, ऋतुबदलाची वाट पाहत आहोत. वसंत ऋतूच्या आरंभी आपल्या संस्थेचे एक प्रतिनिधी आमचा पूल पाहण्यास आल्यास आनंद होईल.'

ठराव सभेपुढे आला. डाव्या देशाच्या प्रतिनिधीने त्याला अनुमोदन दिले. इतका सुंदर अर्ज आपण ऐकला नव्हता, असे तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले असे इतिवृत्तात आहे. त्याची एकच शंका होती. वसंत ऋतूचा आरंभ, म्हणजे नेमका कधी? प्रत्येक देशाचा वसंत वेगळा. वाद नको म्हणून त्यानेच सुचवले की, जिथे संस्थेचे कार्यालय आहे तिथला वसंत सर्वांनी मानावा.

मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी जिनिव्ह्याचा आहे. आमच्या गावात वसंत ऋतू वाऱ्यावर येत नाही, अधिकृतपणे येतो. त्रेयच्या उंच वाटेवर एक ठरावीक चेस्टनटचे झाड आहे. त्याला पहिले पान फुटले की कँटनच्या, म्हणजे आमच्या प्रांताच्या, विधिमंडळाचा अधिकारी ते पाहतो, वहीत तारीख लिहितो, आणि मग वसंत लागतो. शंभरहून जास्त वर्षे हे चालले आहे. त्याच्या आधी कुणी गावात पातळ कपडे घातले तर लोक समजतात, बाहेरगावचा आहे. जगात सगळीकडे असेच असणार, असे मी धरून चाललो होतो.

ठराव एकमताने मंजूर झाला. टोपीवाला माणूससुद्धा नेमला : बेल्जियमचे एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी टोपी विकत घेतली, बॅग भरली, आणि ते पान फुटण्याची वाट पाहत हॉटेलात राहिले. ही गोष्ट मुद्दाम सांगतो. आमच्या संस्थेत काही होत नसे, असे लोक म्हणतात. तीनशे बारा लोकांसाठी माणूस तयार होता. टोपी तयार होती.

मार्चच्या वीस तारखेला त्सोना बाहेरून आली आणि तिने माझ्यापुढे एक हिरवी डहाळी टाकली.

"हे काय आहे?" तिने विचारले.

"पान."

"मग?"

"कुठल्या झाडाचं?"

"तळ्याकाठच्या. तिथं दहा झाडं अशी आहेत."

"ती अधिकृत नाहीत."

"गावाहून निरोप आलाय. घाटात पाणी वाहायला लागलं. कारकूनसाहेब, बर्फ गेलं. त्या म्हाताऱ्याला गाडीत बसवा. शेळ्यांच्या वेळी पान कुणी बघितलं होतं?"

मी तिला समजावले की शेळ्यांच्या वेळी चूक झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज पहाटे त्रेयवर जाऊन त्या झाडाखाली उभी राहू लागली. एकदा तिने किटलीभर कोमट पाणी नेऊन मुळांशी ओतले. पोलिसाने हटकले तर म्हणाली, "थंडी वाजतेय त्याला." तीस तारखेला ती शाल घेऊन गेली आणि बुंध्याला गुंडाळून आली. मी रोज ऑफिसला जाताना तिकडून जात असे. कळी फुगली होती. उघडली नव्हती. अधिकारी रोज येत, चष्मा पुसून वर पाहत, आणि परत जात. अत्यंत प्रामाणिक माणूस. कुणाच्या सांगण्यावरून त्यांनी वसंत एक दिवसही अलीकडे आणला नसता.

दोन एप्रिलला डाव्या देशाचे सैन्य टेकडीवरून खाली आले. हे लक्षात घ्यावे की तेव्हा हिवाळा होता. संस्थेने हिवाळ्याबद्दल काहीच आश्वासन दिलेले नव्हते. त्यामुळे तिचा शब्द मोडला असे म्हणता येत नाही, आणि चौकशीत तसे कुणी म्हटलेही नाही.

नऊ एप्रिलला पान फुटले. दहाला न्यायाधीश गाडीत बसले. तेराला ते लिपाच्या पुलावर टोपी घालून उभे राहिले, आणि नॉर्वेच्या कर्नलांप्रमाणेच अकरा दिवस उभे राहिले. त्या अकरा दिवसांत तिथे एकही गोळी झाडली गेली नाही, एकही तक्रार आली नाही, एकाही अर्जदाराने आवाज चढवला नाही. तसे त्यांनी आपल्या अहवालात लिहिले आहे. 'गावात पूर्ण शांतता आढळली.'

तीनशे बारांपैकी एकशे सहा जण नदीच्या खालच्या अंगाने उजव्या देशात पोहोचले. उरलेल्यांचा आकडा दोन्ही देशांच्या संमतीशिवाय लिहिता येत नाही. संस्थेच्या दहा वर्षांच्या कार्याचे एक पुस्तक पुढे निघाले, चांगल्या कागदावर. त्यात यशांच्या यादीत लिपा सातव्या क्रमांकावर आहे, खाली चौथा मसुदा पूर्ण छापला आहे, 'ग्रामस्थांचे आभारपत्र' या मथळ्याखाली. मुद्रिते मीच तपासली.

त्सोना निघाली तेव्हा तिने गाठोडे दारात ठेवले आणि ती परत आत येऊन टेबलाशी बसली. तिची बहीण आणि बहिणीची दोन मुले त्या एकशे सहांत नव्हती. तिचा आवाज अगदी हळू होता.

"मी लिहिला होता तसाच का नाही नेलात?"

"तसा त्यांनी घेतला नसता," मी म्हणालो.

"हा घेतला. काय झालं घेऊन?"

तिने उठून गाठोडे उचलले आणि ती जिना उतरून गेली. पुढे ती कुठे राहिली मला माहीत नाही. मी चौकशीचे पत्र लिहिले होते. निर्वासितांच्या ज्या छावणीत पाठवले तिथून ते 'भाषा समजत नाही' असा शिक्का मारून परत आले.

संस्था आता बंद झाली. ती बंद करण्याचा ठराव एकमताने झाला, आणि पूर्णपणे अमलात आलेला तिचा तो पहिलाच ठराव. समुद्रापलीकडे आता नवी संस्था निघाली आहे, हिच्यापेक्षा पुष्कळ मोठी. त्यांनी आमच्या विभागाचा शब्दसंग्रह मागवून घेतला. 'उष्णता' तिथे चालू असल्याचे कळते.

आता तुम्ही म्हणाल, अहो, त्या बाईचा पहिला कागद तुम्ही होता तसाच पुढे का नाही नेलात? प्रश्न रास्त आहे. तो मला आजवर दोघींनी विचारला. एकीने ताट फोडून विचारला, आणि दुसरीने तिचे सगळे गेल्यावर. तुम्ही तिसरे. तुम्ही तो खुर्चीवर बसून विचारलात, मनातल्या मनात, मध्ये चार-दोनदा हसून घेतल्यावर. आवाज चढला नाही. हातातले पान खाली पडले नाही. जुन्या सवयीने मी तुमचा प्रश्न तपासला. एकही शब्द बदलावा लागला नाही.